दवाखान्यातला निर्णय आणि नीतिशास्त्राचे सिद्धांत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिचारिका, निवासी डॉक्टर, रुग्णालयांच्या नीतिसमित्यांवरचे बिगर-डॉक्टर सदस्य आणि रुग्णांचे नातेवाईक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. शब्द वेगवेगळे असले तरी शंका एकच असते : समोर माणूस मरणाच्या दारात असताना कान्ट आणि मिल हे तत्त्वज्ञ काय कामाचे? शंका रास्त आहे आणि तिला उडवाउडवीचं उत्तर देऊन चालणार नाही. म्हणून बहुतेक उत्तरं एकाच खऱ्या प्रकरणाभोवती, अरुणा शानभाग या परिचारिकेच्या प्रकरणाभोवती, ठेवली आहेत.

नैतिक सिद्धांत म्हणजे नेमकं काय?

"खोटं बोलू नये" हा नियम झाला. तो का पाळायचा, कधी मोडायचा, आणि मोडला तर कशाच्या आधारावर, हे सुसंगतपणे सांगू लागलात की तो सिद्धांत. मिलच्या मते कृतीची योग्यता तिच्या परिणामांवरून ठरते, म्हणजे त्यातून किती सुख झालं आणि किती दुःख टळलं यावरून. कान्ट सांगतो, कुठल्याही माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नका. अॅरिस्टॉटलच्या वाटेने जाणारे विचारतात, सद्गुणी माणूस अशा वेळी कसा वागेल? काळजीचं नीतिशास्त्र मानणारे नात्यांपासून सुरुवात करतात : कोण कोणावर अवलंबून आहे आणि कोणी कोणाची जबाबदारी घेतली आहे? पुढच्या चर्चेला एवढी ओळख पुरे.

उदाहरण म्हणून अरुणा शानभाग यांचंच प्रकरण का?

कारण आपल्याकडे या विषयावरचा कायदा त्याच प्रकरणातून घडला, आणि त्यात दोन्ही बाजूंची माणसं मनापासून अरुणाचं भलं इच्छिणारी होती.

अरुणा शानभाग मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. परळच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर हल्ला केला, कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. त्यानंतर जवळपास ४२ वर्षं, १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत, केईएमच्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. पिढ्या बदलल्या. ज्यांनी अरुणाला चालताबोलताना कधी पाहिलंच नव्हतं अशा मुलीही त्यांना न्हाऊमाखू घालत, अन्न मऊ करून भरवत. इतकी वर्षं अंथरुणात पडून असलेल्या रुग्णाला एकही शय्याव्रण झाला नव्हता, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात नोंदली गेली आहे. ज्यांनी घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलं आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणाच्या वतीने २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली : भरवणं थांबवावं आणि त्यांना शांतपणे मरू द्यावं. रुग्णालयाने आणि परिचारिकांनी विरोध केला. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमून अरुणाची तपासणी करवून घेतली. ७ मार्च २०११ च्या निकालात याचिका फेटाळली गेली. मात्र त्याच निकालाने तत्त्व म्हणून निष्क्रिय दयामरणाला (म्हणजे जगवणारे उपचार थांबवून मरू देण्याला), उच्च न्यायालयाच्या परवानगीची अट घालून, वाट करून दिली. अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, असंही न्यायालयाने म्हटलं.

इथे सिद्धांत लावून काय नवीन कळतं? दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं ठाऊक होतंच की.

ठाऊक होतं, पण दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात एक अडचण लपलेली होती. ती सिद्धांताशिवाय सहज दिसत नाही.

मरू द्या म्हणणाऱ्यांपैकी अनेकांचा युक्तिवाद असा होता : तिची यातनांतून सुटका करा. पण त्याच वेळी त्यांचं म्हणणं होतं की अरुणाला कसलंच भान उरलेलं नाही. भान नसेल तर यातनाही नाहीत. मग मिलच्या हिशेबात टाळण्यासारखं दुःख उरतच नाही, आणि दयेचा युक्तिवाद लंगडा पडतो. दुसऱ्या बाजूला परिचारिका म्हणत होत्या की तिला आवडनिवड कळते, ती आवाजातून आणि हातवाऱ्यांतून ते सांगते. हे खरं असेल तर तिला काहीतरी जाणवत होतं. मग सुखाबरोबर दुःखही जाणवत असण्याची शक्यता उभी राहते, आणि दयेचा जो युक्तिवाद परिचारिकांना अमान्य होता त्यालाच बळ मिळतं.

म्हणजे वस्तुस्थितीबद्दल प्रत्येक बाजू जे सांगत होती, ते तिच्याच निष्कर्षाच्या विरुद्ध ओढत होतं. याचा अर्थ दोघेही चुकले असा नाही. खरी कारणं वेगळी होती आणि ती उघड बोलली जात नव्हती, असा आहे. विराणींच्या बाजूचं खरं बळ प्रतिष्ठेच्या कल्पनेत होतं : भान असो वा नसो, एका स्वाभिमानी माणसाचं असं पडून राहणं हीच तिच्या माणूसपणाची विटंबना. परिचारिकांच्या बाजूचं बळ नात्यात होतं : ही आमची आहे, आम्ही तिला टाकणार नाही. हे दोन युक्तिवाद समोरासमोर आले की वाद प्रामाणिक होतो. मग विचारता येतं : प्रतिष्ठा कोणाच्या नजरेतून मोजायची? नात्यातून जबाबदारी येते हे खरं, पण दुसऱ्याच्या जगण्यामरण्याचा अधिकारही येतो का? सिद्धांताचं मोल मला इथे दिसतं. आपण नेमका कोणता प्रश्न सोडवतो आहोत, हे तो दाखवून देतो.

न्यायालयाने "मारणं" आणि "मरू देणं" यांत फरक केला. तो फरक खरा आहे का?

यावर तत्त्वज्ञांमध्ये जोरदार वाद आहे. जेम्स रेचल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७५ मध्ये, वैद्यकीय नियतकालिकातच, हा फरक मुळात पोकळ असल्याचं मांडलं. त्याची कल्पना अशी : वारसाहक्काच्या लोभाने एक माणूस लहान मुलाला न्हाणीच्या टबात बुडवून मारतो. दुसरा त्याच हेतूने आत जातो, पण मूल घसरून आपोआप पाण्यात पडतं आणि हा नुसता उभा राहून बघतो. दुसरा माणूस पहिल्यापेक्षा तसूभरही चांगला नाही. मग मारण्यात आणि मरू देण्यात स्वतःचा असा फरक कुठे राहिला?

उदाहरण जबरदस्त आहे, पण ते सगळंच सिद्ध करत नाही. इथे दोघांचा हेतू सारखाच नीच आहे आणि त्या दुष्टपणापुढे बाकीचे फरक दिसेनासे होतात. हेतू चांगला असताना फरक उरतो का, हा प्रश्न तसाच राहतो. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९३ मध्ये टोनी ब्लँड या तरुणाला अन्न पुरवणारी नळी काढायला परवानगी दिली. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीपासून तो बेशुद्ध होता. नळी काढणं कायदेशीर आणि इंजेक्शन देणं खून, ही कायद्याची रेघ नैतिकदृष्ट्या वेडीवाकडी आहे, हे त्या न्यायाधीशांपैकी एकाने स्वतःच मान्य केलं होतं. आपल्या २०११ च्या निकालाने त्याच खटल्याचा मोठा आधार घेतला.

दवाखान्यात या वादाचं एक अगदी ठोस रूप भेटतं. नातेवाईक म्हणतात, "व्हेंटिलेटर लावूच नका, एकदा लावला की काढता येत नाही." डॉक्टरही पुष्कळदा असंच मानतात. आता विचार करा. न लावणं ही अकृती म्हणून चालते आणि काढणं ही कृती म्हणून पाप वाटते. पण दोन्हींत कारण एकच असतं (उपचाराचा फायदा नाही), हेतू एकच असतो आणि शेवटही एकच. वैद्यकीय नीतिशास्त्रात म्हणूनच उपचार सुरू न करणं आणि सुरू केलेला थांबवणं यांना सर्वसाधारणपणे समान मानतात. याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. काढता येणारच नाही या भीतीने काही रुग्णांना यंत्र लावलंच जात नाही, आणि त्यांतला एखादा यंत्र लावलं असतं तर वाचण्याची शक्यता असते. दोन्ही सारखं मानलं तर घरच्यांशी आधीच बोलून ठरवता येतं : इतके दिवस प्रयत्न करू, या या गोष्टी सुधारतात का पाहू, नाही सुधारल्या तर थांबू. वरवर पुस्तकी वाटणाऱ्या वादाने इथे खऱ्या रुग्णाला संधी मिळवून दिली. सिद्धांताच्या उपयोगाचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात मॉर्फिन दिलं आणि श्वास मंदावला, तर आपणच मारलं असं होतं का?

नाही. योग्य मात्रेत, वेदना पाहून हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन सहसा मृत्यू लवकर आणत नाही, हे आधी लक्षात घ्या. घरची माणसं या अपराधी भावनेने वर्षानुवर्षं पोळत राहतात, आणि अनेकदा त्याला वैद्यकीय आधारही नसतो.

तरी धोका थोडा आहेच असं धरलं, तर इथे दुहेरी परिणामाचं तत्त्व मदतीला येतं. त्याची मुळं तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसपर्यंत जातात. कृती स्वतः वाईट नसावी, हेतू चांगल्या परिणामाचा असावा, वाईट परिणाम हे चांगल्याकडे जाण्याचं साधन नसावं आणि दोन्हींचं प्रमाण जुळावं, एवढ्या त्याच्या अटी. मॉर्फिनने वेदना थांबते ती औषधामुळे, मृत्यूमुळे नव्हे. रुग्ण वाचला तर डॉक्टरला आनंदच होईल. विषाचं इंजेक्शन देणाऱ्याला मात्र रुग्ण वाचला तर काम फसलं असं वाटेल. हेतू ओळखायची ही कसोटी मला फार उपयोगी वाटते.

सिद्धांत एकमेकांशीच जुळत नाहीत. मग त्यांच्यावर भिस्त कशी ठेवायची?

सिद्धांताविरुद्धचा हा सर्वांत भक्कम आक्षेप आहे, आणि त्यामागे प्रत्यक्ष अनुभव आहे.

अमेरिकेतल्या टस्किगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं कृष्णवर्णीय पुरुषांवर सिफिलिसचा अभ्यास झाला. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही त्यांना उपचार दिले गेले नाहीत. ते उघडकीस आल्यावर १९७४ मध्ये मानवी प्रयोगांबाबत एक राष्ट्रीय आयोग नेमला गेला. त्यात डॉक्टर, वकील, धर्मशास्त्राचे अभ्यासक अशी नाना मतांची ११ माणसं होती. आयोगाचे सदस्य अल्बर्ट जॉन्सन आणि सल्लागार तत्त्वज्ञ स्टीफन टुल्मिन यांनी पुढे लिहून ठेवलं की एकेका प्रकरणावर बोलताना सदस्यांचं सहज एकमत व्हायचं. तोच निर्णय का योग्य, हे सांगायला लागले की प्रत्येकाचं कारण वेगळं निघायचं. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की नीतिविचाराने वरून खाली न उतरता प्रकरणाशी प्रकरण ताडून पुढे जावं.

मी याला अर्धा होकार देतो. प्रकरणं ताडून पाहणं हे काम आहेच. पण कुठलं प्रकरण कशासारखं, हे ठरवायला काहीतरी निकष लागतो. अरुणाचं प्रकरण टोनी ब्लँडसारखं, की घरात वर्षानुवर्षं सांभाळलेल्या मतिमंद मुलासारखं? तुम्ही कशाला महत्त्वाचं साम्य मानता त्यावर उत्तर अवलंबून आहे, आणि ते मानणं म्हणजेच सिद्धांत, बोलून दाखवला नाही एवढंच. शिवाय त्याच आयोगाला शेवटी व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वं लिहून द्यावी लागली. आज जगभरातल्या संशोधन-नीतिसमित्या त्यांवर चालतात.

आणि मतभेदांचं म्हणाल तर त्यांचाही उपयोग होतो. तीन वेगळ्या वाटांनी जाऊन उत्तर एकच आलं तर त्यावर अधिक विश्वास ठेवता येतो. वेगळं आलं तर थांबून पाहायची जागा कळते.

चार तत्त्वांनी भागत नाही का? वैद्यकीय अभ्यासक्रमात तीच शिकवतात.

स्वायत्तता, हित, अहित टाळणं, न्याय ही बोशाँ आणि चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये मांडलेली चौकट यादी म्हणून उत्तम आहे. काही विसरलो नाही ना, हे तिच्यावरून कळतं. पण दोन तत्त्वं भिडली की कोणाला झुकतं माप द्यायचं, हे यादी सांगत नाही.

सिद्धांत धोकादायकही ठरू शकतो का?

हो. एकच सिद्धांत हाती धरून बसलेल्या माणसाच्या हातून मोठी क्रूरता होऊ शकते. १९८० च्या दशकात अरुणाला दुसरीकडे हलवून ती खाट मोकळी करण्याचे प्रयत्न झाले. परिचारिकांनी विरोध केल्याने ते थांबले. सार्वजनिक रुग्णालयात एक खाट अडली तर किती रुग्ण परत जातात, हा हिशेब चुकीचा नव्हता. परळच्या फुटपाथवर मुक्काम करणारे रुग्ण ज्यांनी पाहिलेत त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. पण त्या हिशेबात एक गोष्ट धरली नव्हती : आपल्याच आवारात, कामावर असताना जिच्यावर हल्ला झाला तिचं त्या संस्थेवर ऋण होतं. ऋण, वचन, कृतज्ञता यांना बेरीज-वजाबाकीत सहज जागा मिळत नाही. म्हणून निदान दोन सिद्धांतांची ओळख असावी.

पंचवीस वर्षं वॉर्डात काढलेल्या सिस्टरला हे शिकवायची काय गरज?

निर्णय कसा घ्यायचा हे तिला शिकवायची गरज बहुधा नसते. तिची नजर पुष्कळदा सिद्धांताच्या पुढे असते, आणि तिला खटकलेली गोष्ट सिद्धांतात बसत नसेल तर सिद्धांत दुरुस्त करावा. अडचण येते ती समितीच्या बैठकीत. "मला हे बरोबर वाटत नाही" एवढंच म्हटलं तर वरिष्ठ डॉक्टर पुढच्या विषयाकडे वळतात. "रुग्णाने स्वतः नको म्हटलेलं असताना आपण नातेवाइकांच्या समाधानासाठी त्याच्या शरीरावर उपचार करतो आहोत" असं म्हटलं की उत्तर द्यावं लागतं. ज्यांचा आवाज खालच्या पायरीवरून येतो त्यांना कारणांची भाषा अधिक लागते.

हे सगळं पाश्चात्त्य विचारांचं ओझं नाही का?

मराठी वाचकाने तरी असं म्हणू नये. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात लोकमान्य टिळकांनी 'कर्मजिज्ञासा' हे अख्खं प्रकरण अशाच पेचांना दिलं आहे. दुष्काळात कुत्र्याचं मांस खायला निघालेला विश्वामित्र तिथे आहे आणि सत्य-अहिंसेचे अपवादही आहेत. पुढे ते मिल, ग्रीन, कान्ट यांच्याशी सविस्तर वाद घालतात. पुष्कळांचं पुष्कळ सुख ही कसोटी अपुरी का, हे दाखवायला ते अमेरिकेतल्या एका शहराचं उदाहरण घेतात : ट्रामगाडी लोकांच्या सोयीची होती, पण तिची परवानगी लाच देऊन मिळवलेली. फायदा सगळ्यांचा झाला, तरी लाच ती लाचच. टिळकांचं उत्तर असं की कर्माची पारख कर्त्याच्या बुद्धीवरून करावी.

हेतूचा हाच धागा जैन परंपरेत आणखी बारकाईने विणला आहे. सल्लेखना, म्हणजे हळूहळू अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, घेतलेल्याने जगण्याची आस धरणं हा दोष, आणि मरणाची आस धरणं हाही दोषच, असं तत्त्वार्थसूत्र सांगतं. राजस्थान उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये सल्लेखना आणि आत्महत्या एकाच मापाने मोजली तेव्हा जैन समाज का दुखावला, ते या सूत्रावरून कळतं. सर्वोच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्या निकालाला स्थगिती दिली. आणि विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न-पाणी-औषध नाकारून देह ठेवला, तो महाराष्ट्राने डोळ्यांसमोर पाहिला आहे.

घरातच एकमत होत नसेल तर?

बहुतेक घरांत होत नाही. वडिलांची रोजची शुश्रूषा करणारी मुलगी थांबू या म्हणते. न्यू जर्सीहून धावत आलेला मुलगा म्हणतो, काहीही करा पण वाचवा. दोघांच्या प्रेमात कमीजास्त काही नसतं. त्याला अपराधी वाटत असतं, आणि ती थकलेली असते. अशा वेळी "काय करायचं?" हा प्रश्न बाजूला ठेवून आधी विचारावं : बाबा आत्ता बोलू शकले असते तर काय म्हणाले असते? हा प्रश्न स्वायत्ततेच्या विचारातून आला आहे, आणि त्यामुळे दोघांच्या इच्छा मागे सरून रुग्णाची इच्छा पुढे येते. शेजारच्या काकांच्या शेवटच्या आजारात बाबा काय बोलले होते, हे अचानक कोणाला तरी आठवतं. उत्तर नाहीच मिळालं तर मग हिताचा विचार करायचा : या उपचाराने त्यांना काय मिळणार आहे, आणि काय सोसावं लागणार आहे?

अरुणाच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. बाकीचा सगळा झगडा त्या पोकळीतून उभा राहिला.

ती पोकळी आपल्या बाबतीत राहू नये म्हणून काय करता येतं?

लिव्हिंग विल, म्हणजे वैद्यकीय इच्छापत्र करता येतं. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर, सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मध्ये (जीविताच्या हक्कात) येतो असं सांगून त्याला मान्यता दिली. पण प्रक्रिया इतकी किचकट होती की फारसं कोणी वाट्याला गेलं नाही. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सोपी केली.

आता दोन साक्षीदारांसमोर सही करून ते नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. वय १८ पूर्ण आणि मन शाबूत हवं. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकापेक्षा अधिक विश्वासू माणसांची नावं घालता येतात, आणि कधीही लेखी देऊन ते रद्द किंवा बदलता येतं. वेळ आल्यावर रुग्णालयातल्या डॉक्टरांचं प्राथमिक मंडळ आणि नंतर दुय्यम मंडळ मत देतं, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत. गोव्यात २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं, त्यामुळे तिथे या विषयावर बरंच बोललं गेलं.

मसुदा करताना "मला उगाच यंत्रांवर ठेवू नये" एवढंच लिहू नका. "उगाच" म्हणजे काय, यावरूनच पुढे भांडण होतं. माणसं ओळखू येणं, स्वतःच्या हाताने खाणं, वेदनेशिवाय असणं यांपैकी काय गेलं तर थांबावं, आणि काय गेलं तरी चालेल, हे स्वतःच्या शब्दांत लिहा. शक्य असेल तर त्यामागचं कारणही एका वाक्यात लिहा, कारण तुम्ही न लिहिलेला प्रसंग उभा राहिला तर मुलांना त्या कारणावरूनच तुमचं मन ओळखता येईल. एक प्रत त्यांना द्या, एक कुटुंबाच्या डॉक्टरांकडे ठेवा, आणि एक महापालिकेने किंवा स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा करा.